मेंढरानं न खाल्लेलं गवत

"लढाई कुणीही जिंको, शेवटी हरतं ते गवत."

हे वाक्य तो उजव्या हाताची दोन बोटं वर करून, खालच्या आवाजात म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला होता. एखाद्या जुन्या वेशीवर कोरून ठेवावं असं वाक्य, आणि तेही वाळूजच्या एका कारखान्यातल्या तपासणी खात्यातल्या माणसाच्या तोंडून. वर्षभर मी त्याचा अर्थ लावत होतो. राज्यं, फौजा, भरडली जाणारी रयत, असं बरंच काही त्यात बसवून पाहिलं. मग लक्षात आलं की तो हे फक्त रविवारी म्हणतो, खेळ संपल्यावर म्हणतो, आणि म्हणताना आमच्या कोपरांकडे बघत असतो. टेबलावर वाकून शिपाई हलवताना आम्ही त्याचं गवत उखडत होतो. अर्थ तेवढाच होता.

खेळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आमच्याविषयी भलतीच समजूत करून घ्याल. आमच्या कारखान्यातले एक इंजिनिअर परदेशी प्रशिक्षणाला गेले आणि येताना अंगठ्याएवढ्या शिपायांचे खोके घेऊन आले. निळी फौज आणि तांबडी फौज. शिपाई टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, मोजपट्टीनं अंतर मोजत पुढं सरकायचं, आणि तीन तासांनी कोण हरलं यावर भांडायचं. कारखान्याच्या करमणूक कक्षातून बाद झालेलं टेबल-टेनिसचं टेबल माझ्या गच्चीवरच्या खोलीत होतं, म्हणून रणांगण माझ्याकडे. इंजिनिअरसाहेबांना आम्ही सेनापती म्हणत असू. ते थट्टेनं म्हटलं जातंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक लढाईआधी ते उभं राहून सैन्याला उद्देशून चार शब्द बोलत. सैन्य शिशाचं असल्यामुळे शिस्त उत्तम होती.

तो आणि मी कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसायचो. तो मुकुंदवाडीला चढायचा, मी पुढच्या थांब्यावर. खिडकी नेहमी त्याची. रस्त्याकडेला नवीन काय बांधलंय याकडे त्याचं लक्ष नसे. बांधायचं राहिलेल्या प्लॉटवर काय उगवलंय ते तो बघायचा. एका रविवारी मी त्याला लढाई बघायला बोलावलं. सेनापतींनी टेबलावर हिरवंगार कापड पसरलं होतं. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय हाय?"

"मैदान," सेनापती म्हणाले.

"मैदान नाय साहेब. हे लग्नाच्या हॉलातलं कार्पेट हाय."

सेनापतींनी मग कपाटातून केशराच्या डबीसारखं जपलेलं एक पाकीट काढलं. परदेशात अशा खेळासाठी गवताचे तयार ठोंब मिळतात, नखाएवढे, खाली चिकट. त्यानं एक ठोंब तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला आणि परत पाकिटात ठेवला.

"हे ओल्या देशाचं गवत हाय. आपल्याकडं असलं फक्त बंगल्याफुडं असतं. असल्या गवतात लढाई कोण करंल? माणूस झोपंल."

त्या दिवसापासून तो आमचा झाला. खेळण्यात त्याला रस नव्हता. नियम त्यानं कधी पाठ केले नाहीत, फासे टाकताना तो दुसरीकडेच बघायचा, आणि ज्या फौजेकडे तो जाई ती हरे. तो गवत करायचा.

सुरुवातीला त्यानं रंगाच्या ब्रशांचे केस कापून पाहिले. शहागंजातल्या हार्डवेअरवाल्यानं चौथ्या खेपेला विचारलंच, "क्या मामू, इत्ते ब्रशां? घर रंगा रहे के दौलताबाद का किल्ला?" यानं प्रामाणिकपणे सांगितलं की गवत करतोय. दुकानदारानं मग जास्त चौकशी केली नाही आणि सुटे पैसेही मुकाट्यानं दिले.

ब्रशाचं गवत फार ताठ निघालं. "हे काय संचलनाला उभं हाय का?" म्हणत त्यानंच ते बाद केलं. मग त्यानं सुतळी उकलली, तिचे तंतू कात्रीनं बारीक कातरले, काही तसेच ठेवले, काही चहाच्या उकळीत रंगवले, काहींना हिरवा रंग दिला. थोडी नायलॉनची दोरीही अशीच कातरून मिसळली. आता हे तंतू डिंकाच्या थेंबावर उभे करायचे कसे? हातानं टाकले की आडवे पडत. जमिनीतून उगवल्यासारखे उभे राहायला हवेत. उत्तर त्याला भिंतीवर टांगलेलं सापडलं. डास मारायची रॅकेट. रॅकेटची एक तार चहाच्या गाळणीला जोडली, दुसरी स्टीलच्या ताटाला. ताटात दुधाच्या पिशवीचं पातळ प्लास्टिक अंथरलं, कारण त्याला डिंक कायमचा धरत नाही. त्यावर डिंकाचे थेंब. गाळणीत तंतूंचा भुगा घालून बटण दाबायचं आणि हलक्या हातानं गाळणी हलवायची. थंडीत अंगावर काटा यावा तसे तंतू थेंबांवर उभे राहत. वाळले की एकेक ठोंब उचलून घ्यायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बघा भाऊजी. गाळणी गेली, रॅकेट गेली, आज ताट गेलं. आता मलाच उभी करतील त्याच्यात."

"तू नायलॉनची नायस," तो मान वर न करता म्हणाला.

"डास चावतेत ते वेगळंच. रॅकेट ह्यांच्या गवताला, आन् रक्त आमचं."

बाल्कनीत एक म्हातारे गृहस्थ घोंगडीवर बसले होते, रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून. ते त्याचे वडील. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. ते बोलणं ऐकून हसतील असं मला वाटलं, पण त्यांनी मान वळवली नाही.

त्यामागचं कारण त्यानं मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगितलं. त्यांचं घराणं मेंढपाळांचं, शेंद्र्याकडचं. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. मग ज्या माळावर ती चरायची तिथं कुंपणं आली, शेड आले, दरवान आले. चारायला दूर दूर न्यावी लागायची. आबांचे गुडघे थकले. तेव्हा यानंच सांगितलं, आबा, आता मेंढरं काढून टाकू. आबांनी काढली. काठी आणि घोंगडी घेऊन मुकुंदवाडीला आले आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं बंद केलं.

भांडण नव्हतं. सुनेशी ते बोलत, भाजीवाल्याशी बोलत, खालच्या कुत्र्याशीही बोलत. फक्त याच्याशी नाही. काही सांगायचं झालं तर हा समोर बसलेला असतानाच सुनेला म्हणत, "त्याला म्हनाव, मोरीतला नळ गळतोय." हा उठून नळ बघायचा. मग वहिनी आबांना सांगत, "नळ बसवला म्हणतेत." दोन देशांच्या वकिलाती असाव्यात तसा कारभार.

"चुकीचं नव्हतं रे सांगितलं मी," तो म्हणाला. "पण बरोबर बी नव्हतं. चारायचं कुठं, तू सांग ना राव?" मी काय सांगणार? मी खरेदी विभागात होतो.

असे बरेच महिने गेले. आणि मग एका सोमवारी तो बसमध्ये चढला तो खिडकी सोडून. मला खिडकीकडे ढकललं आणि दांडी धरून तसाच उभा राहिला, जणू बसणं शक्य नव्हतं.

"काल आबा बोलले."

"काय म्हणाले?"

"मी ताट घेऊन बसलो होतो. चांगलं दाट, उंच गवत केलतं, तुमच्या निळ्या फौजेला लपायला. आबा मोरीकडं चालले होते. थांबले. वाकून बघितलं. म्हणले, हे मेंढरानं खाल्लेलं नाय."

"मग?"

"मग काय मग? बोलले ना!"

पुढचा अर्थ त्यानं वाळूजपर्यंत समजावला. माळावर इतकं उंच, इतकं सारखं गवत उभं असेल तर त्याचा अर्थ एकच, तिथून मेंढरं गेली नाहीत. मेंढपाळाच्या डोळ्याला ते गवत सुंदर दिसत नाही. ते रिकाम्या घरासारखं दिसतं. यानं त्याच संध्याकाळी नखं कापायची कात्री घेतली आणि एकेक ठोंब चरून काढला. दुसरा शब्द मला सापडत नाही. आबांनी जाता-येता पाहिलं आणि म्हणाले, "दगडाच्या बुडाला ऱ्हाऊ दे थोडं. तिथं तोंड जात नाय मेंढराचं."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा माणूस कारखान्यात माल तपासायचा. केसाएवढा फरक असला तरी सुटा भाग बाजूला काढायचा. पुरवठादार त्याला घाबरत. चहा पाजून, गोड बोलून, देवाधर्माचं सांगून काही उपयोग नसे. चूक त्याला लांबून दिसायची. हाच माणूस आता घरी बसून मुद्दाम चुका करू लागला.

दर आठवड्याला एक. बांधाच्या सावलीला वाळकं गवत आणि उन्हाच्या बाजूला हिरवं. पायवाटेच्या मधोमध ठोंब. उताराच्या माथ्यावर दाट, पायथ्याला विरळ. ताट बाल्कनीच्या दाराशी ठेवायचं आणि आपण कात्री शोधण्याचं नाटक करायचं. थोड्या वेळानं मागून आवाज यायचा, "माथ्यावर पानी ठरतंय व्हय रं?" किंवा "हे शेळीनं खाल्लं. मेंढरानं नाय." मग हा विचारायचा, शेळीचं कसं ओळखायचं? आणि आबा सांगायचे. एकदा सांगता सांगता जेवायची वेळ झाली, आणि दोघांची ताटं, खाण्याची ताटं, वहिनींनी तिथंच आणून ठेवली.

अडचण अशी होती की चुका मर्यादित असतात.

"राव, चुका संपत आल्या," तो एकदा बसमध्ये फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "एखादी सुचव ना."

मी सुचवलं की गवत निळं कर. त्यानं माझ्याकडे अत्यंत निराशेनं पाहिलं. "असं नाय चालत. मागं मी खळ्यात गवत लावलं तर आबा म्हणले, एवढं बी येडं कुणी नसतं. चूक अशी पायजे की थोडं समजणाऱ्या माणसाकडून झाली पायजे." मग त्यानं बराच विचार केला. चूक बेतून करणं हे किती अवघड काम आहे याची मला कल्पना नव्हती. तोवर मी ती सहज होणारी गोष्ट समजत होतो.

त्या वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला आमचं टेबल मांडलं गेलं. सेनापतींची कल्पना. पाटीवर मोठ्या अक्षरांत सेनापतींचं नाव होतं, खाली बारीक अक्षरांत "गवत : एक कर्मचारी". प्रमुख पाहुण्यांनी समई लावली, शिशाचे शिपाई पाहून शिस्तीवर भाषण केलं आणि सत्कारात मिळालेला नारळ व शाल ठेवायला जागा दिसली नाही म्हणून तांबड्या फौजेच्या डाव्या बगलेवर ठेवली. टाळ्या वाजल्या. हा कोपऱ्यात उभा होता. सेनापती कृतज्ञतेचे शब्द शोधत असताना तो पुढं झाला आणि पाहुण्यांना हळूच म्हणाला, "साहेब, नारळ उचला. खाली आबांची मेंढरं चरून गेलीत." पाहुण्यांना काही कळलं नाही, पण नारळ उचलला.

पुढं एकदा मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो दूध आणायला खाली गेला होता. आबांनी मला बाल्कनीत बोलावलं.

"साहेब, तुमच्या दोस्ताला गवत समजत नाय असं वाटतं का तुमाला?"

मी घोटाळलो. म्हटलं, शिकतोय तो.

"शिकतोय!" आबा हसले. वरचे दात नव्हते. "चालाया शिकला तो गवतात. कोन्त्या दगडाखाली विंचू ऱ्हातो ते त्याला पाच वर्साचा असताना ठावं व्हतं. अन् म्हनं उतारावर पानी कुठं ठरतं ते समजत नाय."

"मग तुम्ही सांगता कशाला?"

आबा रुळांकडे बघू लागले. मालगाडी चालली होती. ती जाईपर्यंत थांबले.

"मेंढराचं बोलाया गेलो तर भांडन व्हईल. गवताचं बोललेलं बरं. बोलाया काय तरी पायजे का नाय?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याला सांगू नका. बिचारा लई डोकं लावून चुकतो."

जिन्यावर त्याची पावलं वाजली. तो दूध घेऊन आला आणि माझ्याकडे बघून त्यानं डोळा मिचकावला, कारण बाल्कनीच्या दाराशी नव्या चुकीचं ताट ठेवलेलं होतं. मी दोघांच्या मधे बसलो होतो. दोघांनीही मला गुपित सांगितलं होतं, आणि ते एकच होतं. मी चहा प्यालो. गाळणी नसल्यामुळे तो फडक्यानं गाळलेला होता.

आबा एका हिवाळ्यात गेले. फार काही झालं नाही. घोंगडीवर बसले होते, आणि बसलेलेच राहिले. आदल्या संध्याकाळी ते मुलाला कुसळी गवताबद्दल काहीतरी सांगत होते. ते पिकलं की त्याची कुसळं तोंडाला टोचतात, म्हणून मेंढरं त्याला बगल देतात, असं. हे त्याला अर्थातच माहीत होतं.

त्यानंतर त्यानं गवत करणं थांबवलं. रविवारी यायचा, खुर्चीत बसायचा, फासे टाकायचा आणि हरायचा. आमची कोपरं चालूच होती. टेबलाला हळूहळू टक्कल पडत गेलं आणि आमच्यापैकी कुणाची काही बोलायची हिंमत झाली नाही. "हरतं ते गवत" हे वाक्यही तो म्हणेनासा झाला. खरं म्हणजे आता त्याचा अर्थ लागत होता.

मग एका रविवारी तो ताट घेऊन आला.

फडकं बाजूला केलं आणि आम्ही बघत राहिलो. उन्हाळ्याच्या तोंडावरचा माळ होता. करडा, पिवळा, मधेच चुकार हिरवा. त्या करड्यात घोंगडीची कातरलेली लोकर होती, हे मला नंतर कळलं. दगडांच्या बुडाला उंच, माथ्यावर विरळ, पायवाटेच्या कडेला तुडवलेलं. एकही चूक नव्हती. तो ताटाजवळ उभा राहिला आणि वाट बघू लागला. कशाची, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"वा!" सेनापती म्हणाले. "अप्रतिम! निर्दोष!"

त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. इतक्या मनापासून केलेलं कौतुक इतकं वाईट लागताना मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. तो फडकं घडी करू लागला.

मला गवतातलं काही कळत नाही. कोथिंबीर आणि गाजरगवत यांतला फरक मला बायको सांगते. पण मी ताटावर वाकलो, चष्मा पुसला आणि एका ठोंबावर बोट ठेवलं. जो हाताशी आला त्यावर.

"हे मेंढरानं खाल्लेलं नाही," मी म्हणालो.

सेनापतींनी काही बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ठोंबाकडे. वाकला. डोळा अगदी जवळ नेऊन बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून ती नखांची कात्री काढली.

"व्हय राव," तो म्हणाला. "ऱ्हायलंच की हे." आणि त्यानं तो ठोंब अलगद कातरला.

नंतर दर रविवारी तो नवं गवत आणायचा आणि मी त्यात एक चूक काढत असे. बहुतेकदा चुकीचीच. "हे शेळीनं खाल्लेलं वाटतं," असं मी एकदा आत्मविश्वासानं म्हणालो तेव्हा तो एवढा हसला की निळ्या फौजेचे दोन तोफखाने आडवे झाले. पण कात्री त्यानं प्रत्येक वेळी काढली. मी कुठंही बोट ठेवलं तरी "व्हय राव" म्हणून कापलं. निवृत्त झाला तरी मुकुंदवाडीहून गच्चीवर येत राहिला. जिने चढताना दम लागायचा तेव्हा मधल्या मजल्यावर थांबून कुंड्यांतलं गवत उपटायचा, आणि नजर अधू झाल्यामुळे ते कधीकधी माझ्या शेजाऱ्यांच्या जाईचं रोप निघायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो गेला. टेबल माझ्याकडेच आहे. आम्ही अजून खेळतो, पण कोपरं अंगाशी धरून. टेबलावरच्या त्या पहिल्या माळावर एकच ठोंब चुकलेला आहे, इतरांपेक्षा फार आखूड, त्या जागी शोभणार नाही असा. तो माझ्या बोटाखाली येईपर्यंत बरोबर होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. सगळं सामान एका पिशवीत भरून ठेवलं होतं. सुतळीचे तंतू भरलेल्या बरण्या, डिंक लागलेलं ताट, गाळणी, कात्री, आणि वरून डोकावणारी रॅकेट. "तुमच्याकडंच शोभंल भाऊजी," त्या म्हणाल्या. मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेलो तेव्हा त्या मागून आल्या, पिशवीतून रॅकेट काढून घेतली आणि तिची तार सोडवू लागल्या.

मला भरून आलं. म्हटलं, बरोबर आहे वहिनी, ती तुमच्याकडेच राहू द्या. शेवटी त्याचा हात ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त फिरला, ती आठवण म्हणून घरात असायलाच हवी.

"आठवण नाय हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "डास लई झालेत."

त्यांनी बटण दाबून बघितलं. चट् असा आवाज झाला आणि एक मेला.